हळू गोळ्या

मुरगूडला आमचं घर म्हणजे पुढं पिठाची गिरणी आणि मागं दोन खोल्या. मधली भिंत एकच. गिरणी सुरू झाली की मागच्या खोलीतल्या फळीवरची भांडी बारीक थरथरायची आणि आई त्यातलं एखादं न बघता हातानं दाबून धरायची. मी पाढे पाठ केले ते त्या आवाजात. दहावीचा अभ्यास केला तोही त्या आवाजात. गिरणीनं आप्पांचे कान निम्मे नेले, त्यामुळं घरात सगळेच ओरडून बोलतात. कोल्हापूरला कॉलेजात आले तेव्हा वसतिगृहातल्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तू सारखी भांडतीस कुणाशी?" मी घरी फोनवर बोलत होते.

आम्हाला आवाजाचं काही वाटायचं नाही. वाटायचं ते वीज गेल्यावर. पट्टा फडफडत मंदावायचा, जातं एक शेवटचा घरघराट करून थांबायचं आणि एकदम सगळीकडं शांत व्हायचं. आई त्या शांततेला दचकायची. दुपारची डोळा लागून पडलेली असली तर उठून बसायची आणि विचारायची, "काय झालं?"

हे आधी सांगते, कारण पुढं जे झालं त्यात सगळ्यात अवघड भाग हाच होता, की मी गिरणीत वाढलेली मुलगी होते.

पिस्तूल माझ्या आयुष्यात कॉलेजमुळं आलं. शाळेत असताना एनसीसीच्या शिबिरात रायफल हाताळली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी खेळाच्या शिक्षकांनी आम्हा चार-पाच जणींना शहरातल्या नेमबाजीच्या रेंजवर नेलं. तिथले प्रशिक्षक फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांनी माझ्या हातात पिस्तूल दिलं, माझा हात लांब करून बघितला आणि म्हणाले, "पिठाची पोती उचललीयास काय?" मी हो म्हणाले. ते म्हणाले, "दिसतंय. हात हलत न्हाय. रोज ये."

त्या हातावर मी पदवीधर झाले असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. विद्यापीठाच्या संघात निवड झाली म्हणून शिक्षण सुरू राहिलं, आणि खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून नेमणूक मिळाली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पदवीपर्यंत गेलं नव्हतं. ज्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी आप्पांनी गिरणी बंद ठेवली, हे वर्षातून दसऱ्याला सोडून कधी झालं नव्हतं, आणि दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवला. एसटी स्टँडसमोर माझा पिस्तूल रोखलेला फोटो असलेला मोठा फलक लागला. त्यावर माझ्या आडनावात चूक होती, पण आईनं त्या फलकाला नमस्कार केला.

नोकरीला एक अट होती. कायम होण्याआधी एकदा तरी राज्याच्या संघात जागा मिळवायची. तोवरची नेमणूक परिविक्षेवर, म्हणजे तात्पुरती. मला तेव्हा ती अट अवघड वाटली नाही. माझा हात हलत नव्हता.

राजारामपुरीत एका क्लासच्या मागच्या बाजूला मी खोली घेतली. कार्यालय, रेंज, खोली, असं चाललं होतं. मग नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात ते झालं. रेंजवर शेजारच्या जागेवर उद्यमनगरचा एक जण नेम मारत होता. त्याच्या वडिलांचा मशीनचे भाग बनवायचा कारखाना आहे, तो तिथंच लेथवर काम करतो आणि आठवड्यातून दोनदा स्वतःचं बत्तीस बोअरचं पिस्तूल घेऊन येतो. माझं पिस्तूल बावीस बोअरचं, गोळी लहान, आवाज कमी. त्याचा आवाज मोठा. कानांवर सगळ्यांच्याच संरक्षक वाट्या असतात. पण सर मला मागून काहीतरी सांगत होते, ते मला ऐकू येईना, म्हणून मी एका कानावरची वाटी उचलली. त्याच क्षणी त्यानं घोडा दाबला.

त्याची काही चूक नव्हती. माझीही फारशी नव्हती. कान दोन दिवस शिट्टी वाजवत राहिला आणि मग बरा झाला. डॉक्टर म्हणाले, पडदा ठीक आहे. मी पुन्हा रेंजवर गेले, पिस्तूल उचललं, आणि माझ्या लक्षात आलं की घोड्यावरचं बोट दाबायच्या आत माझं सगळं अंग गोळा होत होतं. जसं दारावर थाप पडणार हे माहीत असलेलं माणूस बसतं, तसं.

गुण घसरले. मी सरांना म्हटलं, झोप नीट होत नाही. त्यांनी माझ्याकडं पाठ करून माझी मॅगझिन भरली आणि दिली. मी नेम धरला. पहिली गोळी सुटली. दुसरी सुटली. तिसऱ्याला घोडा दाबला तर नुसता टिक असा आवाज आला, आणि पिस्तुलाची नळी खाली जाऊन परत वर आली. सरांनी मध्ये एक रिकामी, दारू नसलेली गोळी घातली होती. गोळी उडते तेव्हा झटक्यात नळी हलतेच, त्यामुळं हात दचकलेला कळत नाही. उडाली नाही की सगळं उघडं पडतं.

"बघितलंस?" सर म्हणाले. "कोंबडी दाणा टिपतीया."

"काय?"

"नळी कशी खाली गेली? कोंबडीगत. फौजेत लई बघितल्या असल्या कोंबड्या. अगं, गिरणीत वाढलीस न्हवं तू? आणि एवढ्याशा आवाजाला भितीस व्हय?"

त्यांनी ते हसून विचारलं होतं. मीही हसले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण हाच प्रश्न घरी आप्पा विचारणार, कार्यालयात साहेब विचारणार. आवाजात जन्मलेल्या माणसाला आवाजाची भीती वाटते, हे मी कुणाला कसं सांगणार होते?

रेंजच्या लोखंडी कपाटात काही डबे वेगळ्या गोळ्यांचे होते. बावीस बोअरच्याच, पण कमी वेगाच्या. कागदावर भोक पाडण्यापुरता जोर असतो, आवाज निम्म्याहून कमी. सर त्यांना हळू गोळ्या म्हणायचे. त्यांनी एक डबा काढून माझ्यापुढं ठेवला आणि सांगितलं, "औषध म्हणून घे. जेवण म्हणून न्हाय."

पहिली हळू गोळी मी मारली तेव्हा पिकलेला पेरू पत्र्यावर पडावा तसा आवाज झाला. टप. मी वाट बघत राहिले, अजून काहीतरी होईल म्हणून. काही झालं नाही. कागदावर मधोमध भोक होतं. त्या दिवशी मी रेंजच्या पायरीवर बसून रडले, कुणी बघितलं नाही.

औषध म्हणून घे, असं त्यांनी सांगितलं होतं. पण ज्याला बरं वाटलं तो औषध कधी सोडतो? मी हळू गोळ्यांशिवाय पिस्तूल उचलायचं बंद केलं. मग कानात आधी कापसाचे बोळे, त्यावर रबरी बुचं, त्यावर वाट्या. मग सगळ्यात कडेची जागा, भिंतीजवळची. मग कुणी नसेल अशी वेळ. रेंजवर दुपारी कुणी नसतं, पत्रा तापलेला असतो. कार्यालयानं सरावासाठी सवलत दिली होती ती मी सकाळची बदलून दुपारची करून घेतली. साहेब म्हणाले, "उन्हात सराव करताय? वा. जिद्द असावी तर अशी." मी मान खाली घालून आभार मानले.

गुण परत वर आले. दर महिन्याला गुणांचा तक्ता कार्यालयात द्यायचा, साहेब तो बघून टेबलाच्या काचेखाली घालायचे. घरी फोन केला की आप्पा ओरडून विचारायचे, "वाजवतीस न्हवं रोज?" मी ओरडून सांगायचे, "वाजवते." तक्ता खरा होता, वाजवत होते तेही खरं होतं. पण मी स्वतःला एका अशा खोलीत नेऊन बसवलं होतं जिची एकेक भिंत मीच पुढं सरकवत होते. बाहेर कुणी फटाका लावला तरी त्या दिवसाचा सराव गेला असं समजायचं. बुलेटवाले पोरगे राजारामपुरीच्या गल्लीतून सायलेन्सर फोडत जायचे तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवून थांबायचे. आणि पुढं राज्याच्या निवड स्पर्धेत ओळीनं उभ्या असलेल्या मुली एकदम गोळ्या झाडणार होत्या. तिथं कडेची जागा मागून मिळत नाही.

सोडून द्यावं असं मनात यायचं. मग नेमणूक जाते. नेमणूक गेली की मी मुरगूडला परत. फलक, पेढे, आईचा नमस्कार. नोकरी हातात असताना ती सोडायची भाषा करणारी मुलगी आमच्या गल्लीनं बघितलेली नाही. मला ज्यांनी ज्यांनी काही दिलं त्या सगळ्यांचे हात माझ्या पाठीवर होते, आणि पाठीवर इतके हात असले की माणसाला मागं सरकता येत नाही.

त्यात हळू गोळ्या संपत आल्या. त्या बाहेरून यायच्या आणि पुढचा माल कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. सरांनी शेवटचे दोन डबे स्पर्धेसाठी बाजूला काढले आणि कपाटाला कुलूप घातलं.

उद्यमनगरच्या त्या मुलाला माझ्या कानाचं कळलं होतं. तो मला बघितलं की दुसरीकडं बघायचा. एका संध्याकाळी रेंजच्या दारात त्यानं मला थांबवलं.

"ताई, एक बोलू? रागवू नका."

"बोल की."

"हळू गोळ्या संपल्या म्हणं. मी तुम्हाला बनवून देतो."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो घामेजला होता. "तुमच्या बावीसच्या गोळीची पितळी नळी परत भरता येत न्हाय, ती एकदाच. पण माझ्या बत्तीसची येते. बाहेरच्या देशात लोक घरात बसून भरतात. पाहिजे तेवढी हळू करायची. तुम्ही माझ्या पिस्तुलावर सराव करा. निदान हात तरी सुटंल. माझ्यामुळंच झालंय हे."

मी त्याच्याबरोबर कारखाना बघायला गेले. का गेले, हे आजही मला नीट सांगता येत नाही. बुडणाऱ्याला काठी लागते, ती कुणाची आहे हे तो विचारत नाही. लेथ बंद झाले होते, कामगार हात धुवत होते. त्यानं आतल्या टेबलावरचं पोतं बाजूला केलं. खाली लोखंडाचं एक सुबक दाबयंत्र होतं, वर दांडा असलेलं. आपणच बनवलं म्हणाला, चित्रफीत बघून.

"त्यात काय हाय ताई. ट्रॅक्टरचं भाग करतोय आपण. ह्यो तर बारका भाऊ."

त्यानं एक नमुना माझ्या तळहातावर ठेवला. पितळेची रिकामी नळी आणि पुढं शिशाचा सपाट तुकडा बसवलेला. आत दारू नाही, काही नाही, नुसता आकार. किती नीट बसला होता. पितळ इतकं घासलेलं की त्यात दिव्याची रेष दिसत होती.

"ह्यात दारू?" मी विचारलं.

"ती अजून घातली न्हाय. तुम्ही हो म्हणा, मग बघतो कुठनं आणायची. परवाना मागनं काढू."

मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. "सांगते," म्हणाले, आणि तो नमुना मुठीत धरून किती तरी वेळ परत दिला नाही. मी सरकारी नोकर होते. परवान्याशिवाय गोळी भरली तर काय होतं हे मला माहीत होतं, रेंजच्या भिंतीवर लिहिलेलं आहे. तरी खोलीवर चालत जाताना मी हिशेब घालत होते तो आवाजाचाच. किती हळू करता येईल? टप पेक्षाही हळू? मग एकदम लक्षात आलं की ह्याला शेवट नाही. हा मुलगा मला पूर्ण मुकी गोळी करून देईल, आणि मी तरीही तिची वाट बघत अंग गोळा करून उभी असेन.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. सगळं. मला वाटलं ते माझ्यावर चिडतील. त्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"पितळंत परवान्याबिगर दारू घातलीस की तू कारागीर न्हाय, आरोपी. कळलं? तुझा बा भेटायला येईल कळंब्याच्या जेलात डबा घेऊन. आणि हिची नोकरी जाईल ती येगळीच."

"दारू घातली न्हाय सर अजून."

"म्हणून तर हितं हुबा हाईस."

तो खाली मान घालून म्हणाला, "मग मशीनचं काय करू?"

"आईला दे. पापड दाबंल."

त्यानं खरंच दिलं. त्याची आई अजून त्याच्यावर पापड दाबते, आणि मला दरवर्षी त्यातले पाठवते. ते एकसारखे गोल असतात.

तो गेल्यावर सर माझ्याकडं वळले. "आवाज कमी करून दचक जात न्हाय पोरी. ती दडून बसती. म्या तुला हळू गोळ्या दिल्या, माझंच चुकलं. आता स्पर्धेला दोन्ही गोळ्या नेतो. हळू बी, नेहमीच्या बी. तुझं तू ठरीव."

मी ठरवलंच होतं. हळू.

स्पर्धा दुसऱ्या शहरात होती, थंडीत, सकाळच्या वेळी. आदल्या दुपारी मी पिस्तूल पुसून साफ केलं. इथं मी एक गोष्ट केली जी गिरणीवाल्याच्या मुलीशिवाय कुणी केली नसती. आमच्याकडं यंत्र म्हटलं की तेल. आप्पा सकाळी गिरणीला हात लावायच्या आधी तेलाची बुधली हातात घेतात, आणि सढळ घालतात. ते म्हणतात, यंत्राला तेल आणि माणसाला चहा नाही म्हणू नये. मोठ्या दिवसाच्या आधी मीही पिस्तुलाला मायेनं तेल घातलं. पाहिजे त्यापेक्षा बरंच जास्त.

स्पर्धेचा पहिला अर्धा भाग संथ असतो, एकेका गोळीला वेळ असतो. तो हळू गोळ्यांवर बरा गेला. मी कसंबसं वरच्या काही जणींत होते. संघात तिघींना घेणार होते. दुसरा भाग जलद. हिरवा दिवा लागला की हात वर, एक गोळी, हात खाली. असं पाच वेळा, की एक सिरीज. दुसऱ्याच सिरीजला माझं पिस्तूल अडकलं.

गोळी उडाल्यावर पिस्तुलाचा वरचा भाग मागं सरकतो, रिकामी नळी बाहेर फेकतो आणि नवी आत घेतो. ते काम गोळीच्याच जोरावर होतं. हळू गोळीचा जोर आधीच बेताचा. कोल्हापूरच्या तापलेल्या पत्र्याखाली तो पुरत होता. इथं थंडी होती आणि आत घट्ट झालेलं तेल होतं. वरचा भाग निम्म्यापर्यंत आला आणि रिकामी पितळी नळी तिथंच चावून धरून बसला.

मी पिस्तूल निशाणाकडंच रोखून दुसरा हात वर केला. पंच आले, पिस्तूल बघितलं आणि म्हणाले, "यंत्राचा दोष मान्य. सिरीज परत मारता येईल. पण ह्या भागात ही सवलत एकदाच, बरं का. परत अडकलं तर न उडालेल्या गोळ्या शून्य."

त्यांनी मला थोडा वेळ दिला. माझ्यासमोर दोन डबे होते. हळू गोळी घेतली तर परत अडकणार. तेल तसंच होतं, थंडी तशीच होती. अडकली की संघ गेला, संघ गेला की नोकरी. नेहमीची गोळी घेतली तर पिस्तूल चालेल, पण हात दचकेल. मी मागं वळून बघितलं. सर खुर्चीत बसले होते. स्पर्धेत प्रशिक्षकाला बोलता येत नाही. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि मग छताच्या पंख्याकडं बघत बसले.

मी नेहमीचा डबा उघडला. बोटं तेलकट होती, गोळ्या सटकत होत्या.

बाकीच्या मुली आपापली सिरीज मारत होत्या. डावीकडून, उजवीकडून, सगळीकडून आवाज येत होता. मी सवयीप्रमाणं शांत क्षणाची वाट बघत उभी राहिले. तो आला नाही. येणारच नव्हता. एक थांबली की दुसरी, ती थांबली की तिसरी. आणि तसं उभं असताना पायाखालची फरशी मला बारीक थरथरल्यासारखी वाटली. मला मागची खोली आठवली, फळीवरची भांडी. इतके महिने मी एकेका आवाजाला शांततेतून वेगळा काढून त्याची वाट बघत बसले होते. इथं वेगळा काढायला काही नव्हतंच. इथं गिरणी चालू होती.

बरी झाले असं मी म्हणणार नाही. माझी सिरीज परत सुरू झाली तेव्हा हात दोनदा दचकला. मला कळलं, आणि मागं सरांनाही कळलं असेल. पण तीन वेळा दचकला नाही. पुढच्या सिरीजनाही असंच होत गेलं, कधी कोंबडी, कधी नाही. शेवटी यादी लागली तेव्हा मी तिसरी होते. चौथी आलेली मुलगी भिंतीकडं तोंड करून उभी होती. मला तिच्याजवळ जायचं होतं, पण मी गेले नाही.

सर म्हणाले, "तेल कुणी वतलं एवढं? भजी तळायची होती काय?"

कायम झाल्याचा आदेश आला. साहेबांनी सगळ्यांसमोर दिला आणि म्हणाले, "आता दरवर्षी संघात दिसायच्या बरं का मॅडम. कार्यालयाचं नाव आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आभार मानले, आणि मला वाटलं होतं तसं सुटल्यासारखं वाटलं नाही. एक दार उघडलं होतं, त्याच्या मागं तशीच खोली होती.

त्या शनिवारी मी मुरगूडला गेले. गिरणी चालू होती. आप्पांनी आदेशाचा कागद पिठाच्या हातानं न घेता आईला धरायला सांगितला आणि लांबून वाचला. मग परत जात्यापाशी गेले. कुणाच्या तरी ज्वारीचं दळण होतं. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. पांढरी धूळ, तेलाचा वास, तो आवाज. तिथं काहीही बोललं तरी त्यांना ऐकू जात नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. परीक्षेत कमी गुण पडले की मी तिथंच सांगायचे, म्हणजे सांगितलं असं होई.

तसंच मी बोलायला लागले. "आप्पा, मला त्या पिस्तुलाची भीती वाटते. वर्ष झालं. रोज वाटते. तुम्हाला सांगता आलं नाही, पण मला त्याची..."

आणि वीज गेली.

पट्टा फडफडला, जातं घरघरलं आणि थांबलं. "...लई भीती वाटती," एवढं माझं वाक्य मोठ्यानं, ओरडूनच, त्या शांततेत पडलं. आई मागच्या खोलीतून दारात आली, पण नेहमीसारखं काय झालं म्हणाली नाही. तिनं ऐकलं होतं. दळण घेऊन आलेली शेजारची बाई डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिली.

आप्पा जात्यावरून हात झाडत वळले. "कशाची?"

"पिस्तुलाची."

त्यांनी मनगटानं डोळे पुसले. त्यांच्या भुवयांवर पीठ होतं.

"मग एवढं दिस सांगितलं न्हाईस ते?"

"तुम्ही पेढे वाटले होते आप्पा."

"वाटलं हुतं," ते म्हणाले. "मग? कोण परत मागाय येतंय व्हय?"

शेजारची बाई फिसकन हसली. आई म्हणाली, "मला म्हाईत हुतं. फोनवर बोलताना मधीच गप व्हायची पोरगी. म्या म्हटलं, हिच्याकडं लाइट गेली."

"सोडायचं तर सोड," आप्पा म्हणाले. "न्हायतर भीत भीत वाजीव. म्या ह्या पट्ट्याला अजून भितो. चोवीस तास थोडाच भितो? गिरणी चालू करताना भितो, मग दळतो." ते सहज बोलत होते, मला शिकवत नव्हते. बोलता बोलता त्यांनी कोपऱ्यातली बुधली घेतली आणि थांबलेल्या गिरणीत तेल सोडायला लागले, भरपूर.

"जरा कमी घाला," मी म्हणाले.

"का?"

"काही नाही. घाला."

वीज यायला वेळ लागला. तोवर आम्ही सगळे तिथंच बसलो होतो, शेजारच्या बाईसकट, आणि सगळे मोठ्यानंच बोलत होतो, गरज नसताना.

मी नेमबाजी सोडलेली नाही. सोडू शकते का, हे साहेबांना अजून विचारलेलं नाही, आणि ते काय म्हणतील हे मला माहीत आहे. पण मी सकाळची वेळ परत मागून घेतली. रेंज भरलेली असते, माझी जागा मधली असते, डाव्या हाताला उद्यमनगरचा असतो. तो घोडा दाबायच्या आधी माझ्या कानांकडं बघून घेतो. हळू गोळ्यांचा उरलेला डबा सरांच्या कपाटात आहे. कधी कधी सर पाठ फिरवून माझी मॅगझिन भरतात. त्यात रिकामी गोळी असेल तर टिक वाजतं, आणि बरेचदा नळी अजून दाणा टिपते.

"जित्ती हाय कोंबडी," सर म्हणतात.

"हाय," मी म्हणते, आणि पुढची गोळी मारते.